खंडेनवमीचं नवं हत्यार

मुठीवर दातांचे वण होते.

आधी मला वाटलं, उंदीर. गॅरेजमध्ये उंदरांना काय तोटा; ग्रीस लागलेली चिंधीसुद्धा ओढून नेतात मेले. पण उजेडात धरून पाहिलं, तर मुठीच्या वरच्या अंगाला ओळीनं खळगे, खालच्या अंगालाही तसेच, आणि लाकडाचं पॉलिश नेमकं तेवढ्याच जागी गेलेलं. एवढ्या रुंद जबड्याचा उंदीर आमच्या गडहिंग्लजात तरी नव्हता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची दुपार होती. गॅरेजच्या पायरीवर बसून मी रॉकेलच्या चिंधीनं हत्यारं पुसत होते. हे दरवर्षी माझंच काम. वर्षभराचं काळं काढायचं, हत्यारं लख्ख करायची, आणि दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मांडून त्यांची पूजा करायची. त्या सगळ्यांत हा लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मग डोळे उघडून सांगायचं, कुठं काय बिनसलंय ते. बेळगाव, निपाणीची माणसं त्या कानासाठी आमच्याकडे यायची.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान, रंगराव लोहार. संकेश्वर रस्त्याला आमचं गॅरेज होतं. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं म्हणून मीही म्हणायची. नवी नवरी असताना नाव घ्यायची पंचाईत टळावी म्हणून सुरू केलं आणि तेच अंगवळणी पडलं.

मी मूठ हातात घेऊन आत पाहिलं. मिस्त्री आमच्याच जुन्या अँबेसेडरचं बॉनेट उघडून उभे होते. इंजिन चालू होतं. त्यांनी रस्त्याकडे एकदा पाहिलं, कुणी येत नाही ना म्हणून. मग दुसरा एक स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. दोन्ही कान सोडून, दातांत. डोळे घट्ट मिटलेले. मानेच्या शिरा ताणलेल्या. हाडांतून काही पोचतंय का, ते बघत होते बिचारे.

मी उठले, रॉकेलचं डबडं पायरीवर आपटलं, तरी त्यांना पत्ता लागला नाही.

त्यांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. वर्ष होत आलं होतं त्याला. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं की कळायचं, पाठमोरे असले की संपलं. एकदा जेवताना मी विचारलं, "आमटीत मीठ जास्त झालंय का वो?" तर म्हणाले, "व्हय," आणि जेवण झाल्यावर पायात चपला अडकवून दुकानातून मिठाचा पुडा घेऊन आले. मी तो पुडा मुकाट्यानं डब्यात ओतला. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री कामात गुंग आहेत. मिस्त्रींना वाटायचं, बायकोलाही तसंच वाटतंय. हे त्यांनी जगापेक्षा जास्त माझ्यापासून लपवलं होतं, आणि माणूस इतकं जिवापाड काही लपवत असला की ते ओढून बाहेर काढायला माझी जीभ रेटेना. एरवी माझी जीभ कशालाच घाबरत नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

श्रावणात त्यांनी जाहीर केलं, दिवाळीनंतर गॅरेज बंद. साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनचं काम मिळत होतं. कारण काय, तर गुडघे वाजतात. दिवसभर गेटवर उभं राहायला गुडघे लागत नाहीत का, हे मी विचारलं नाही.

त्याच श्रावणात फर्नांडिस मास्तर गाडी घेऊन आले होते. मास्तर बेळगावचे, तिथल्या एका शाळेत बँड शिकवायचे, आणि त्यांची म्हातारी मॉरिस गाडी त्यांनी लेकीसारखी जपलेली. इंजिनाच्या ट्यूनिंगसाठी त्यांना मिस्त्रींशिवाय दुसरं कुणी चालायचं नाही. पण मिस्त्री म्हणाले, "ट्यूनिंग बंद केलंय आता मास्तर. ऑइल बदलून देतो पायजे तर." मास्तरांचा चेहरा उतरला. मिस्त्री पंपावर ऑइल आणायला गेले, तेवढ्यात मी मास्तरांना चहा दिला, आणि विषय टाळायचा म्हणून विचारलं, "तुमच्या गाडीत हे दुसरं घड्याळ कसलं हो? स्पीडचं तर हे बाजूला दिसतंय."

"ते व्हॅक्यूम गेज, बाई," मास्तर खुलले. "इंजिन हवा किती जोरानं ओढतं, ते दाखवतं. लहान पोर नळीनं शहाळं पितं ना? ओढ जोरात आणि सारखी असली तर पोर ठणठणीत. ओढ थरथरली तर समजायचं, पोराला काहीतरी होतंय. सुईकडे नुसतं बघत राहायचं. ऐकायची गरज नाही."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. मी मात्र चहाची किटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मग मी त्यांना सगळं विचारून घेतलं. कुठं लावायचं, कसं लावायचं, सुई कशी हलली म्हणजे काय समजायचं. मास्तर मुळात शिकवणारे; दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा वदवून घेतलं. गणपतीत त्यांनी एक जुनं गेज इकडे येणाऱ्या एका गाडीवाल्याच्या हाती पाठवलं. सोबत रबरी नळी, पितळी तोट्या, सगळं होतं. मी ते तांदळाच्या डब्यात लपवलं आणि तिथंच राहू दिलं.

राहू दिलं, कारण मला खात्री नव्हती. वाटायचं, थकलेही असतील खरंच. आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातलेल्या माणसाला विसावा हवासा वाटला तर त्यात वावगं काय? आपण कोण त्यांना परत बॉनेटखाली ढकलणारे?

पण त्या दुपारी ती मूठ माझ्या हातात होती. काम सोडायला निघालेला माणूस लाकडात एवढे दात रुतवत नाही. मी घरी गेले आणि तांदळात हात घातला.

खंडेनवमीला मिस्त्रींनी अंघोळ करून धोतर नेसलं. सतरंजीवर हत्यारं ओळीनं मांडली होती, कडेला ऊस उभे केले होते, झेंडूची रास होती. ते एकेका हत्याराला हळदकुंकू लावत पुढं सरकत होते. मध्येच थांबून म्हणाले, "औंदाची शेवटचीच म्हणायची. फुडल्या वर्षी काय पुजायचं, दंडुका न् शिट्टी?" हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. मी ओळीच्या टोकाशी नारळ सारखा करत बसले.

पूजेचा त्यांचा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार वर्षभर रिकामं ठेवायचं नाही. आणि नवं असेल, तर दसऱ्याला कामाला हात घालताना पहिला मान त्याचा. कुठल्याही नव्या पान्यासाठी ते हा नियम पाळायचे. वाकडा निघालेला एक पाना तर त्यांनी वर्षभर नुसत्या नियमासाठी वापरला होता.

लांब स्क्रू ड्रायव्हर झाला, हातोडी झाली, आणि त्यांची दोन बोटं कुंकवासकट गोल काचेवर टेकली. काचेवर लाल ठसा उमटला. मग त्यांनी खाली पाहिलं.

"हे काय?"

"हत्यार हाय," मी मोठ्यानं म्हणाले.

"कुनाचं?"

"तुमचंच. मोटारीला लावायचं घड्याळ. फर्नांडिस मास्तरांनी दिलंय."

त्यांनी ते उचलून उलटसुलट केलं. काय आहे ते त्यांनी ओळखलं होतं. चेहरा बदलला त्यावरूनच कळलं मला. "मला कशाला पायजे? इंजिन काय बघायची वस्तू हाय व्हय? ती ऐकायची वस्तू हाय."

बोलले, आणि एकदम मान खाली घालून गेज होतं तिथं ठेवून दिलं.

"हळदकुंकू तर लागलं आता," मी म्हणाले. "नियम तुमचाच हाय. मला काय बोलू नगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून आत गेली असती. मी झेंडूचं फूल उचलून गेजवर ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी अँबेसेडर धुतली. मी बॉनेटला हार घातला. रस्त्यानं हार घातलेले ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली भोंगे वाजवत चालल्या होत्या. मिस्त्रींनी गेज उचललं, नळी उचलली, आणि बॉनेटखाली वाकले. चाकूनं एक बारीक नळी कापली, तिच्यात पितळी तोटी बसवली, गेजची नळी तोटीला जोडली. हात मात्र तेच, झरझर चालणारे. मी शेजारी उभी राहून बघत होते.

त्यांनी आत बसून गाडी चालू केली, बाहेर आले आणि गेज माझ्यापुढे धरलं. सुई शून्यावर पडलेली. हलेना की डुलेना.

"बघ," ते म्हणाले. "मेलंय तुझं घड्याळ. पहिला मान दिला, नियम झाला. आता ठेव जा घरात."

रागानं नाही म्हणाले. उलट सुटका झाल्यासारखे म्हणाले. तेच मला सहन झालं नाही.

कारण मास्तरांनी मला बजावलं होतं, "कार्बोरेटरवरून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे एक बारीक नळी जाते, तिला कधी जोडू नका, बाई. गाडी जागेवर चालू असताना तिथं ओढच नसते. सुई झोपून राहते आणि माणूस गेजला नावं ठेवतो. खाली मॅनिफोल्डवर, इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यावर, पितळी बूच असतं. ते काढून तिथं लावायचं." आता ही गोष्ट बँड शिकवणाऱ्याला ठाऊक आणि रंगराव मिस्त्रींना नाही? त्या नळीत ओढ कधी असते आणि कधी नसते, हे ते झोपेत सांगतील.

"नळी खाली लावा," मी म्हणाले.

ते पाठमोरे होते. पान्यांची आवराआवर चालू होती. मी गाडीला वळसा घातला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हातातला पाना काढून घेतला.

"नळी खाली लावा. मॅनिफोल्डला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुला कुनी सांगितलं?"

"मास्तरांनी."

"कवा?"

"श्रावणात. ऑइल आणाय गेल्ता तुम्ही तवा."

भोंगे वाजवत एक ट्रॅक्टर गेला. मिस्त्रींची नजर माझ्यावरून गेजवर गेली, गेजवरून पुन्हा माझ्यावर आली. हिनं हे कशासाठी विचारलं असेल, कशासाठी आणवलं असेल, ते एकेक करून त्यांच्या ध्यानात येत होतं.

"म्हंजे तुला म्हाईत हाय."

"व्हय."

"कवापास्नं?"

"मीठ आणलंसा बघा, तवापास्नं."

आधी त्यांना आठवेना. मग आठवलं, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसले म्हणता येणार नाही, पण हलला. मग ते तिथंच पडलेल्या जुन्या टायरवर बसले. "आणि बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही तरी कुठं बोलला?"

ते तळहातावरचं ग्रीस अंगठ्यानं घासत राहिले. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, तोंड दिसेल अशी. "नळी मुद्दाम तितं लावलासा न्हवं?"

"व्हय."

"का पर?"

त्यांनी अंगठा थांबवला. "एकदा मनाशी ठरवलं की सोडायचं," ते म्हणाले. "लई जड गेलं ते, मालन. लई म्हंजे लई. आता हे घड्याळ चाललं असतं तर पुन्ना आशा लागली असती. आणि म्होरं त्यानंबी न्हाई निभलं, तर पुन्ना सोडायचं. दोनदा सोडायचं बळ न्हाई माझ्यात."

माझ्या डोळ्यांना धार लागली. लपवायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून मी ती पुसलीही नाही. उठले, सतरंजीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मूठ त्यांच्यापुढे धरली.

"ह्याला कोण चावलंय?"

गूळ खाताना पकडलेल्या पोरागत झाला त्यांचा चेहरा.

"सोडायचं ठरवलंय म्हंजे हे असं?" मी म्हणाले. "असं सोडतात व्हय? लाकूड खाऊन?"

ते हसले मग. खरंच हसले, खांदे हलवून. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून घेतला, माझ्याच खांद्याचा आधार घेऊन उठले आणि बॉनेटखाली वाकले. कापलेली नळी पूर्ववत केली. खालचं पितळी बूच घट्ट बसलेलं, ते जोर लावून सोडवलं. तिथं तोटी बसवली, नळी जोडली, आणि गेज माझ्या दोन्ही हातांत दिलं. "धर. मला दिसंल असं धर."

गाडी चालू झाली. सुई उठली. अर्ध्याच्या पुढं गेली आणि तिथं सावकाश मागंपुढं डोलायला लागली.

"हालवू नगंस."

"मी कशाला हालवू? सुईच हालतीया."

"खरं म्हनतीस?" ते जवळ आले. काचेवर कुंकवाचा ठसा तसाच होता. त्याच्या कडेनं ते बघत राहिले. "म्हंजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बिघडलंय. माझ्याच गाडीचं. आणि मला..."

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. हात सवयीनं तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला. टोक कार्बोरेटरच्या स्क्रूत बसवलं. नजर गेजवर. किंचित फिरवला, सुई खाली आली. उलटा फिरवला, चढली. आणखी जरासा, आणखी चढली, आणि तिचं डोलणं कमी झालं. मग पाना घेऊन त्यांनी डिस्ट्रिब्यूटर सैल केला आणि दोन बोटांनी नखभर वळवला. सुई वर सरकली आणि थांबली. भिंतीवरच्या खिळ्यासारखी स्थिर.

संसारभर इंजिनांच्या आवाजात भाकऱ्या थापलेली बाई मी. मलाही कळलं. "आवाज बदलला," मी ओरडले.

"कसा?"

"मघाशी उचकी लागल्यागत करत होतं. ती गेली."

त्यांनी मान हलवली, पण सुईवरची नजर काढली नाही. कितीतरी वेळ तसेच उभे होते. माझे हात भरून आले तरी मी गेज खाली केलं नाही.

"मास्तरास्नी कळीव," शेवटी ते म्हणाले. "म्हनावं, मॉरिस घिऊन या."

"आणि कारखान्याचं?"

"त्येंचं गेट काय माझ्यावाचून पळून जात न्हाई."

त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं. चिंधीनं एकेक बोट पुसत ते माझ्याकडे वळले.

"इंजिनाचं झालं," ते म्हणाले. "तुझं काय?"

"माझं काय झालंय?"

"तू वरडून बोलतीस तेवढं कळतंय मला. पर वरीसभर झालं बघ, तू भांडल्यागतच बोलालीस माझ्यासंगं." चिंधी त्यांच्या हातात गोळा झाली होती. "पैलं कसं, कामं उरकली की शेजारी बसून हळूहळू काय बाय बोलायचीस. काय बोलायचीस ते बी ध्यानात न्हाई म्हना. पर ते ऱ्हायलंच. त्याला कुठलं घड्याळ लावायचं, सांग."

श्रावणापासून मी इंजिनांसाठीच जीव टाकत होते. हा माणूस मूठ दातांत धरून उभा दिसला, तेव्हाही मला वाटलं की इंजिनाचा आवाज गेला हेच त्याचं दुःख.

शटर उघडं होतं. रस्त्यानं माणसं चालली होती, त्यांत ओळखीची कितीतरी. मी कुणाकडे पाहिलं नाही. मिस्त्रींना त्या टायरवर बसवलं, त्यांच्या मागं उभी राहिले, वाकले, आणि त्यांच्या कानामागच्या हाडावर माझी हनुवटी घट्ट टेकवली. त्यांच्या मानेला ग्रीसचा आणि झेंडूचा वास येत होता. मग नेहमीचंच तोंडात आलं, आणि ते मी अगदी हळू, पूर्वी बोलायची तसं, बोलले.

"कालचं पुरण उरलंय थोडं. संध्याकाळी पोळ्या लाटू का कडबू तळू?"

त्यांनी डोळे मिटले. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावल्यावर मिटायचे, तसेच. मी हनुवटी तशीच ठेवून थांबले.

"कडबू," मिस्त्री म्हणाले.